तुपाच्या जाहिरातीतला हात

मी जाहिरात एजन्सीत नोकरी करते, हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता यायचं नाही. सासूबाई विचारणाऱ्याला सांगायच्या, "छापखान्यात असते." सासरे म्हणायचे, "कुठेसं लिहायला जाते." आणि नवरा त्याहून थोडक्यात, "असते." तिघांचंही खरंच होतं. शनिवार पेठेत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर, दीड खोलीत आमची एजन्सी होती. तिथे मी मराठी मजकूर लिहायचे, प्रुफं तपासायचे, फोन घ्यायचे आणि क्लायंटसमोर सर "ही आमची क्रिएटिव्ह टीम" असं म्हणाले की खुर्चीत जरा पसरून बसायचे. तेवढीच टीम भरल्यासारखी दिसायची.

सर म्हणजे आमचे मालक. चांगली सुरक्षित नोकरी सोडून ते या धंद्यात पडले होते, आणि 'पडले' हे त्यांच्या सौभाग्यवतींचं मत. क्लायंट म्हणजे शिकवण्यांचे क्लासवाले, गाद्यावाले, एक पापडवाल्या बाई. या सगळ्यांच्या जाहिराती गणपती ते दिवाळी एवढ्याच. वर्षभर आम्हाला जगवायचे ते लोणी काळभोरकडचे तूपवाले. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या मालकांना सगळे आप्पा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो.

पहिल्यांदा त्यांच्या तुपाचा फोटो काढायचा होता तेव्हा मी तिशीत होते. वाफाळता वरणभात आणि त्यावर चमच्यातून तूप वाढणारा बाईचा हात, एवढंच चित्र. हात दाखवायला ठरवलेली मुलगी काही आली नाही. खडकीहून आलेले फोटोग्राफर दिवे लावून बसलेले. दिव्यांच्या उष्णतेनं रवाळ तुपाचं भराभर पाणी होत होतं आणि आप्पा स्वतः डबा मांडीवर घेऊन बघत होते. सरांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत बाईचा हात असलेली मी एकटीच.

"बाई, जरा हात द्या," सर म्हणाले.

मला वाटलं टेबल सरकवायचंय. मी पदर खोचून उठले.

फोटोग्राफरनी माझं मनगट धरून जागेवर आणलं. "मॅडम, चमचा असा नाही. आत्ता तुम्ही औषध देताय. वाढा."

मी वाढलं. भातामागे त्यांनी उदबत्ती लावून वाफ काढली होती, त्यामुळे त्या भाताला शेवटपर्यंत देवघराचा वास येत होता. आप्पांनी तो भात नंतर वाया जाऊ दिला नाही.

तो हात चालला. डब्यावर आला, कॅलेंडरवर आला, बसच्या पाठीवर बसून कात्रजपासून निगडीपर्यंत हिंडला. मी मात्र होते तिथेच होते. आमच्या स्वयंपाकघरात ते कॅलेंडर टांगलं गेलं आणि मी वाढायला लागले की सासूबाई एकदा कॅलेंडरकडे आणि एकदा माझ्याकडे बघत. "तिथे काय धार धरली आहेस! घरात थेंब मोजतेस." नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा तर डॉक्टरांनी विचारलं, तूप किती खाता? हे म्हणाले, "जाहिरातीत भरपूर."

मी हे सगळं हसण्यावारी न्यायचे. पाहुण्यांत कुणी कौतुक केलं की म्हणायचे, अहो, मनगटाच्या वरचं त्यांना नको होतं, यातच काय ते समजा. मला त्या हाताचं काही वाटत नाही असं मी इतकी वर्षं सांगत होते की माझाही त्यावर विश्वास बसला होता.

मग आप्पांचा मुलगा धंदा बघू लागला. पुण्यात शिकलेला, सरळ बोलणारा. त्यानं सांगितलं की डबा बदलणार, रंग बदलणार, फोटो नव्यानं काढायचा. जुना फोटो फिल्मवरचा, मोठा केला की फुटत होता. खराडीतल्या एका मोठ्या एजन्सीशीही त्याचं बोलणं चालू होतं, हेही त्यानं लपवलं नाही. "पण आप्पांची एक अट आहे," तो म्हणाला. "हात तोच हवा. त्यांचं म्हणणं, त्या हातानं घर वर आलं. दुसरा हात लावला तर लक्ष्मी विचारेल, ही कोण बाई? त्यांना तो हात पटला तर काम तुमच्याकडे राहील. नाहीतर मग मी मोकळा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे टेबलावरच्या हाताकडे. मी तो हळूच फाईलखाली घेतला.

पन्नाशीच्या उंबऱ्यावरच्या बाईच्या हाताबद्दल पुरुषमाणसांनी काय बोलावं? दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर हाताला लावायच्या क्रीमची बाटली आली. "क्लायंटकडून सॅम्पल आलंय," सर म्हणाले. आमच्याकडे क्रीमवाला क्लायंट नव्हता.

मी ती घरी नेली आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बसून लावत राहिले. हाताच्या पाठीवर शिरा उठल्या होत्या, जुन्या नकाशावरच्या नद्यांसारख्या. बोटांची पेरं जाड झाली होती. हे सगळं कधी झालं याची मला कल्पनाच नव्हती, कारण मी तो हात पाहायचे तो कॅलेंडरवर. नवरा पेपरच्या आडून म्हणाला, "एवढं काय चोळतेस? तूपच लाव ना, घरचं." मी हसले नाही, तेव्हा त्यानं पेपर खाली घेतला. मग पुन्हा वर केला. आमच्याकडे याला विचारपूस म्हणतात.

फोटो काढायला पुन्हा तेच फोटोग्राफर आले. त्यांचीही दाढी आता पांढरी. पण कॅमेरा नवा, टिपलेलं लगेच मोठ्या पडद्यावर दिसणारा. पूर्वी फोटो धुऊन येईपर्यंत माणसाला चार दिवस आशेवर राहता यायचं. मी चमचा धरला, धार धरली, आणि पडद्यावर माझा हात सुपाएवढा झाला. त्यांनी एक दिवा मागे नेला. मग दुसऱ्यावर पातळ कापड टाकलं. मग खोलीत इतका अंधार केला की तूप कुठे पडतंय ते मला दिसेना.

"फार छान वाढता मॅडम," ते म्हणाले. कौतुक करायला त्यांनी वाढणं निवडलं, यावरून मी ओळखलं.

सर घसा साफ करत आले. "बाई, आपला नियम आहे ना, तीन पर्याय दाखवायचे."

नियम होता. आम्ही प्रत्येक क्लायंटला तीन डिझाइनं दाखवायचो. एक आम्हाला आवडलेलं, एक त्यांना आवडेल असं, आणि एक मुद्दाम वाईट; त्यांनी ते नाकारावं आणि आपण काहीतरी निर्णय घेतला असं त्यांना वाटावं यासाठी. दुसऱ्या हातासाठी फोटोग्राफरनी आपल्या भाचीला बोलावलं होतं. खराडीला आयटीत नोकरी करणारी, सुट्टी टाकून आलेली. तिसरा हात सरांच्या सौभाग्यवतींचा. त्यांनी हौसेनं कोपरापर्यंत बांगड्या घातल्या होत्या. आपला पर्याय कितवा, हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

मुलीला चमचा धरता येत नव्हता. ती हसत म्हणाली, "आंटी, मी तर डाएटवर आहे, तूप कोण खातं आता?" मग मीच तिचं मनगट धरलं आणि सांगितलं, असं नाही, असं, अंगठा खाली, आणि मन लावून, समोर जेवणारं माणूस आहे असं समज. तिनं लगेच उचललं. पडद्यावर तिचा हात आला आणि फोटोग्राफरनी कापड काढून दिवा जवळ घेतला. मला त्या क्षणी स्वच्छ कळलं की मला हे काम हवंय. एजन्सी जगावी वगैरे ठीकच, पण फोटो माझ्याच हाताचा लागावा. इतक्या वर्षांनी हे कळावं आणि तेही दुसरीला चमचा धरायला शिकवताना, याचं मला हसूही आलं.

आप्पांकडे आम्ही सकाळीच गेलो, सर आणि मी. ओसरीवर आप्पा, बाजूला मुलगा. सरांनी तिन्ही मोठे फोटो चटईवर मांडले. कुठला कुणाचा हे सांगायचं नाही, असं मुलानंच ठरवलं होतं. वडिलांची परीक्षाच घेत होता म्हणा ना.

बांगड्यांचा फोटो आप्पांनी पहिल्या झटक्यात बाजूला सारला. "ही कुणाची, जत्रंला निघालेली?"

सरांना खोकला आला.

मग आप्पांनी माझा फोटो उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांनी त्या हातावरून अंगठा फिरवला, गुरांच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ह्यो हात लई कष्टाचा हाय," ते म्हणाले. "बाई चांगली असंल. लेकरंबाळं वाढिवल्याली. तिला म्हनावं, जरा इसावा घे." आणि फोटो अगदी अलगद खाली ठेवला. "पर ह्यो त्यो न्हाई."

मुलीच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "त्यो ह्यो. मी इसरन व्हय? रोज सकाळी देवाच्या आदी त्येच्याकडं बघतो."

"आप्पा, नक्की?" मुलानं विचारलं. "नीट बघा. नवा असला तर अट मोडली."

"लेका, तुझ्यापरीस जास्त ओळखतो." आणि ते माझ्याकडे वळले. "काय ताई? तुमचाच न्हवं का? सांगा ह्येला."

मुलगा माझ्याकडे बघत होता. सर चटईकडे बघत होते. माझे दोन्ही हात पदराखाली होते. नाही म्हटलं असतं तर ते म्हातारं माणूस लेकासमोर खोटं पडलं असतं, मुलगा मोकळा झाला असता, आणि सर परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नसते, हे मला ठाऊक होतं. हो म्हटलं तर माझा फोटो गेला. तो फोटो आणि ज्या हाताबद्दल मला काही वाटत नव्हतं तो हात.

"हो आप्पा," मी म्हटलं. "माझाच."

"बग!" आप्पांनी लेकाच्या पाठीत थाप मारली. मुलानं खांदे उडवले आणि सरांना म्हणाला, "ठीक आहे. डब्याचं डिझाइन पुढच्या आठवड्यात द्या." सरांनी इतका मोठा श्वास सोडला की चटईवरचा बांगड्यांचा फोटो हलला.

चहा आला. मी बशी उजव्या हातानं घेतली नाही. डावा पुढे केला तेव्हा आप्पांच्या सूनबाईंना ते आवडलं नसावं. निघताना मात्र इलाज नव्हता. आप्पा दारापर्यंत आले, त्यांनी हात जोडले, आणि मलाही जोडावे लागले, दोन्ही, त्यांच्या चष्म्यासमोर भर उजेडात. सर गाडीची किल्ली शोधत तिथेच थिजले.

आप्पांनी हातांकडे पाहिलंच नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, जरा काळजीनं.

"हात हाय तसा ऱ्हायलाय, ताई," ते म्हणाले. "तुमी मातर थकलात."

"उन्हातनं आलेय ना, आप्पा," मी म्हटलं.