पुसलेला तिसरा अंक

रविवारी दुपारी नाशिक रोडला माहेरी गेले होते. आईच्या हातचं जेवून मस्त ताणून द्यायचा बेत होता. पण बाबांनी दारातच फर्मान काढलं, "नाटक आहे. मोबाइल बंद कर."

नाटक म्हणजे टीव्हीवर बरं का! इंग्लंडमधलं जुनं नाटक, तिकडच्या टीव्हीसाठी फार पूर्वी रेकॉर्ड केलेलं... महिनाभर नेटवर शोधून मीच ते पेनड्राइव्हवर आणून दिलं होतं. म्हणजे दोष माझाच.

यामागे आमच्या घरातलं पस्तीस वर्षांचं भांडण आहे. बाबा तेव्हा इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होते आणि कामगार नाट्यस्पर्धेसाठी याच नाटकाचं मराठी रूपांतर करत होते, ओझरच्या मित्राने दिलेल्या व्हिडिओ कॅसेटवरून. एक अंक लिहून झाल्याशिवाय पुढचा बघायचा नाही, हा यांचा नियम! दोन अंक झाले... आणि आईने तिसऱ्यावर टीव्हीवरचा स्वेटर विणायचा कार्यक्रम टेप केला.

दुसरी कॅसेट मिळेना, स्पर्धा आठ दिवसांवर. बाबांनी शेवट मनानेच रचला. बक्षीससुद्धा मिळालं. पण "खरा शेवट हिने पुसला" हे पालुपद आम्ही प्रत्येक सणाला, प्रत्येक पाहुण्यासमोर ऐकलंय. तो स्वेटर मात्र बाबांनीच दहा हिवाळे घातला!

तर रविवारी बाबांनी पडदे ओढले आणि स्टीलच्या ताटावर चमच्याने तीन घंटा दिल्या. आईला कुकर लावायची बंदी. मी सबटायटल्स लावायला गेले तर म्हणे, "नाटक ऐकायचं असतं!" आणि दर दोन मिनिटांनी मलाच विचारणार, "काय म्हणाला गं तो?" दोन मध्यंतरं, दोन्हीत गरम वडे हवेत... अक्षरशः डोकं उठलं माझं.

गोष्ट दोन भावांची. मोठ्याने धाकट्याला फसवलंय, आणि धाकटा बॅग भरून कायमचा निघालाय. मोठा माफी मागणार का? तिसरा अंक सुरू झाला तसे बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले.

नाही मागत. एक वकील येतो, कागद वाचतो, चूक भलत्याचीच निघते, आणि सगळे चहा पितात. संपलं!

बाबांच्या नाटकात मोठा भाऊ एक शब्द न बोलता धाकट्याच्या बॅगेतले कपडे काढून परत कपाटात ठेवतो. मी पाचवीत होते तेव्हा... पण आजूबाजूची माणसं डोळे पुसत होती, ते अजून आठवतंय.

मला वाईट वाटलं, याच्यासाठी पस्तीस वर्षं जीव जाळला यांनी! मग बाबा हळूच म्हणाले, "हे बघितलं असतं, तर मीही हेच लिहिलं असतं."

आई म्हणाली, "मग? आता तरी सॉरी म्हणा."

म्हणतील तर ते बाबा कसले! उठले आणि स्वयंपाकघरात गेले. भांड्यांची आदळआपट झाली. मग आतून आवाज, "अगं, साखर कुठे असते?"

पन्नास वर्षांच्या संसारात या माणसाला साखरेचा डबा माहीत नाही! मी तणतणत उठणार, तेवढ्यात आईने माझा हात धरला. "बस तू. सापडू दे त्यांना."

इतका पांचट चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते. आईने मात्र दुसरा कप मागून घेतला.