क्लासचं मशीन मी बंद पाडलं

बोरिवलीच्या आमच्या क्लासात नवीन कोणी आलं, की जुनी मंडळी हमखास सांगतात, मनोरीच्या बाईंनी एकदा सगळ्यांचं मशीन बंद पाडलं होतं. ते खोटं आहे. बंद मी पाडलं.

क्लास निवृत्त लोकांचा. युनिक्स या संगणक प्रणालीवर सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात, तेही चालू प्रोग्रॅमच्या पोटात काय चाललंय इथपर्यंत. कोपऱ्यात एकच मोठं मशीन, आणि सगळ्यांचे पडदे त्यालाच जोडलेले. सर म्हणतात, एकाची चूक सगळ्यांना भोवली की माणूस जपून लिहितो. ज्याच्यामुळे मशीन अडकेल त्याने पुढच्या वेळी खाऊ आणायचा, हा नियम.

तेव्हा आम्ही फोर्क शिकत होतो. फोर्क म्हटलं की चालत्या प्रोग्रॅमची हुबेहूब प्रत तयार होते. मूळ तो बाप, प्रत ते पोर. पोराने नेमून दिलेलं काम करून थांबायचं असतं. मी त्याला थांब म्हणायलाच विसरलो. पोरांना पोरं होत गेली आणि मशीन गपगार. नेमकं त्याच क्षणी माझ्या शेजारी बसणाऱ्या मनोरीच्या बाईंनी आपला प्रोग्रॅम सुरू केला होता. त्या म्हणाल्या, "वाट लागली. माझ्यानेच गेलं."

माझी चूक माझ्या पडद्यावर दिसत होती. मी बोललो नाही. वर्गात सर्वांत मागे मीच, आणि दर थोड्या दिवसांनी येणारा माझा खाऊ हा आधीच सगळ्यांच्या थट्टेचा विषय झाला होता.

पुढच्या खेपेला बाई मनोरीहून फेरीबोटीने डबाभर फुगे घेऊन आल्या. आंबवलेल्या पिठाचे, तळलेले, त्यांच्याकडे लग्नात करतात ते. मीही खाल्ले. छान झाले होते, तेच मनाला जास्त लागलं.

खरं नुकसान नंतर कळलं. बाई घरीदारी आपला प्रोग्रॅम वाचत बसायच्या. नसलेली चूक सापडणार कुठून? मग त्या चांगल्या ओळी बदलू लागल्या. एकदा चहा पिताना म्हणाल्या, महिना संपला की येणं बंद करते, हे माझ्या डोक्याचं काम नाही.

तेव्हा मात्र मला राहवेना. म्हणालो, "तुमच्या प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही. पोराला थांबवायचं मी विसरलो होतो. मशीन मी पाडलं."

बाई सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. "आणि माझे फुगे घशाखाली कसे उतरले रे तुझ्या?"

"छान होते."

"छान होते म्हणे. दाखव तुझा प्रोग्रॅम."

त्यांनी वाचला, एका ओळीखाली बोट ठेवलं आणि आपल्या जागेवर गेल्या. बदललेलं सगळं काढून पहिल्यासारखं लिहिलं आणि चालवलं. पोराने बापाला धाडलेला निरोप पडद्यावर उमटला: फेरी सुटली. त्यांनी तो पुन्हा चालवून पाहिला, मग पुन्हा. क्लास सोडायचा विषय परत निघाला नाही.

मी वर्गालाही सांगितलं, जिलबी आणली. पण विकतची जिलबी कोण लक्षात ठेवतं? लोकांच्या तोंडी अजून फुगेच. बाईही कोणाला दुरुस्त करत नाहीत. म्हणतात, "नाव झालंय माझं, राहू दे ना." म्हणून इथे लिहून ठेवलं.

सध्या आम्ही सिग्नल, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला बाहेरून 'थांब' सांगणं, शिकतोय, शेजारी-शेजारी बसून. मी प्रोग्रॅम चालवण्याआधी बाई माझा पडदा बघून घेतात.