शेष पेज अकरा पर

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. घरातल्या रद्दीसारखे ते आपोआप साठतात. आमच्याकडे तर किस्से आणि रद्दी दोन्ही एकाच टेबलावर साठतात!

टेबल अन्नपूर्णा भागातल्या एका पोहेवाल्याचं. रोज सकाळी आम्ही चौघं जमतो: महूचे कांबळेसाहेब, शाळेतून रिटायर झालेल्या शालूताई, एकटे राहणारे तांबेकाका आणि मी. पेपर एकच, हिंदी. त्याची पानं चौघांत वाटलेली आणि वाटणी कायमची. पहिलं पान कांबळेसाहेबांचं. ते मोठ्यानं वाचतात. वडील फौजेत होते, त्यामुळे हवामानसुद्धा हुकूम सोडल्यासारखं! बातमी अर्धी सोडून 'शेष पेज अकरा पर' आलं, की अकराव्या पानाचे मालक तांबेकाका पुढे वाचतात. दुसऱ्याच्या पानाला हात लावायचा नाही!

काकांचा मुलगा समीर पुण्याला. "बाबा, आता इकडेच या," हा त्याचा रोजचा फोन. काका गेले तर आपलं कसं व्हायचं, ही आम्हा तिघांनाही धास्ती.

*

एकदा काकांना सर्दी झाली, ते आले नाहीत. नेमका त्याच दिवशी पहिल्या पानावर बिबट्या! तोही शालूताईंच्या कॉलनीत. कांबळेसाहेबांनी वाचलं, जिना चढून तो एका छतावर गेला, और फिर... शेष पेज अकरा पर.

अकरावं पान समोरच पडलेलं. मी हात पुढे केला, तर शालूताईच ओरडल्या, "अंहं! वो तांबेजी का पेज है भिया!"

त्या दिवशी त्यांनी गच्चीवरचे पापड काही खाली आणले नाहीत. दुसऱ्या दिवशी काका आले, चष्मा पुसून त्यांनी कालचं पान उघडलं आणि म्हणाले, "मांजर निघालं."

*

पहिलं पान न वाचल्यामुळे काकांना राजकारणाचा पत्ताच नाही. एका लग्नात शेजारी बसलेल्या गृहस्थांना त्यांनी विचारलं, "आजकल क्या कर रहे हैं?"

"मंत्री हूँ."

"अरे वा, बढ़िया! परमानेंट है?"

*

खेळाचं पान माझं, म्हणून कांबळेसाहेब क्रिकेटमध्ये कोरे. भारत जिंकला तेव्हा राजवाडा चौकात अख्खं शहर नाचत होतं. साहेबही झेंडा घेऊन दमेपर्यंत नाचले. सकाळी मला हळूच विचारतात, "का रे, काल आपण जिंकलो, ते नक्की काय जिंकलो?"

*

शेवटी काका गेले पुण्याला. मला फार वाईट वाटलं. शालूताईंनी तर जिलबी तशीच ठेवली.

तिसऱ्याच दिवशी टेबलावर मला काकांचा फोन! "समीरकडे पेपर येतो, पण सुरुवात वाचवत नाही रे मला. कांबळेसाहेबांना म्हणावं, सुरू करा."

साहेबांनी फोन स्पीकरवर टाकून आमचा पेपर वाचला, "नेताजी ने पुल का फीता काटा, और तभी... शेष पेज अकरा पर!"

तिकडे काकांनी पुण्याच्या पेपरचं अकरावं पान उघडलं आणि गंभीर आवाजात वाचलं, "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार आहे."

शालूताई उभ्या राहिल्या. पोहेवाल्यानं रेडिओ बंद केला. दुपारी तेच नेताजी जीपमधून हात हलवत गेले, तेव्हा शालूताईंना पाणी द्यावं लागलं.

*

परवा सकाळी टेबलापाशी रिक्षा थांबली. आतून काका उतरले आणि मागून सुटकेस घेऊन समीर. चांगलाच वैतागलेला.

"सांभाळा तुमच्या काकांना! सोसायटीतल्या सगळ्यांचे पेपर यांनी पानं सुटी करून वाटले. कुठलीच बातमी कुणाला पूर्ण कळेना. सेक्रेटरी घरी येऊन हात जोडून गेले."

काका खाली मान घालून बसले. "तिथे कुणी पुढचं विचारतच नाही रे," एवढंच म्हणाले. कांबळेसाहेबांनी अकरावं पान त्यांच्यापुढे सरकवलं.

"मी दुपारच्याच गाडीनं परत जातोय," समीर म्हणाला. शालूताईंनी त्याच्यासमोर पोहे ठेवले, वरून शेव टाकली, आणि आपल्या पानांतलं एक काढून त्याच्या हातात दिलं.

पोहे संपले. गाडीची वेळही टळली. समीरच्या बायकोचा फोन आला. त्यानं पानावरून नजर न काढता उचलला.

"नाही गं, आज नाही जमणार. मला पेज तेरा मिळालंय."