देवळामागचं भरीत

मी भित्रा माणूस आहे, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर घरात माझाच दरारा होता.

लेक धावते. पुढच्या आठवड्यात तिची स्पर्धा धुळ्याच्या स्टेडियमवर होती, म्हणून मैदान डोळ्यांखालून घालायला आम्ही दोघंच सकाळी जळगावहून निघालो. तिने रिकाम्या ट्रॅकवर दोन फेऱ्या मारल्या, वळणाचा अंदाज घेतला. मी पायऱ्यांवर बसून उगाचच छाती फुगवली. मग म्हटलं, एवढं आलोच आहोत तर साक्रीच्या रस्त्याला एक पडकं हेमाडपंती देऊळ आहे, ते बघू आणि तिथंच भरीत लावू. थंडीत खान्देशी माणूस गाडी घेऊन निघाला आणि डिकीत भरताची वांगी नाहीत, असं होतच नाही. बायकोने कळण्याच्या पुऱ्या, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, सगळं बांधून दिलं होतं.

देवळाचा कळस कधीच गेलेला. खांबांवरच्या बायकांची नाकं झिजलेली. लेक आत फोटो काढत बसली आणि मी मागच्या भिंतीच्या आडोशाला, शेजारच्या शेतातून आणलेल्या कपाशीच्या काड्या रचल्या. मेंढ्या हाकत चाललेल्या एका म्हाताऱ्या आबांनी हटकलं, "भाऊ, आठे इस्तो नका पेटाडू. वर मोहळ शे."

वर पाहिलं, तर छज्ज्याखाली सुपाएवढं आग्या मोहोळ लटकत होतं. मी त्यांना ऐकवलं की वारा उलटा आहे आणि वांगी काय मी आज पहिल्यांदा भाजतोय का. ते मान हलवून निघून गेले.

वारा फिरला. धूर सरळ वर चढला. आधी नुसती घरघर ऐकू आली, मग मानेवर पहिला डंख बसला. बाप रे, अशी भीती मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पायांनी मला विचारलंच नाही. गाडीत शिरलो, काचा वर केल्या, लॉक लावलं. तेव्हा कुठं आठवलं की पोरगी देवळात आहे.

ती पळतच आली. जॅकेट डोक्यावर ओढलेलं, हातांवर माश्या चिकटलेल्या. तिने काचेवर दोन्ही तळवे आपटले.

"पप्पा, दार उघडा."

माझं बोट बटणावरच होतं. तिच्याबरोबर माश्या आत येतील, एवढंच डोक्यात. मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो. किती वेळ, देव जाणे. मग उघडलं.

धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या अंगातले काटे काढता काढता नर्सचे हात दुखले. धोका टळला असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडलो. स्पर्धा बुडाली ती बुडालीच.

घरी मी सांगितलं की लॉक अडकलं होतं. बायको चिडली, असली गाडी उद्याच मेकॅनिकला दाखवा म्हणाली. लेक शेजारीच बसली होती. सुजलेल्या ओठांनी, माझ्याकडे न बघता, ती शांतपणे म्हणाली, "हो आई. अडकलंच होतं. मी बाहेरून पाहिलं ना."

त्या क्षणापासून मला माझ्याच पोरीची भीती वाटते.