शर्टाच्या खिशातली पुडी

दवाखान्यातल्या पहिल्याच दिवशी मी एका नर्ससाठी दार धरून उभा राहिलो. तिच्या दोन्ही हातांत ट्रे होता आणि आपल्यावर काही संस्कार आहेत, म्हणून. वाटलं, बाई थँक्यू म्हणेल. तेवढ्यात डोक्यावर भोंगा वाजायला लागला, लाल दिवा लुकलुकला आणि मजल्याच्या दोन्ही टोकांकडून माणसं पळत आली.

झालं होतं असं, की मुलीच्या खोलीला दोन दारं होती. बाहेरचं दार, मग हात धुण्यापुरती चिंचोळी जागा, मग आतलं दार. दोन्ही एकाच वेळी उघडायची नाहीत, म्हणजे बाहेरची हवा आत जात नाही. मी आतलं दार पाठीनं रेटलं होतं आणि बाहेरचं हातानं धरलं होतं. संस्कार जरा जास्तच झाले.

लाज याची वाटली, की गेली बावीस वर्षं मी वाळूजच्या एका कारखान्यात, रंगाच्या विभागात क्वालिटी बघतो. आमच्या रंगाच्या खोलीलाही अशीच दोन दारं आहेत. धुळीचा एक कण ओल्या रंगावर बसला की अख्खा पत्रा बाद. ती दोन दारं एकदम उघडणाऱ्याला मी जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि इथं पत्रा नव्हता, माझी अकरा वर्षांची पोर होती.

खरं तर तिथं मी असायलाच नको होतं. पोरीच्या रक्ताच्या कॅन्सरशी दोन वर्षं लढली ती बायको. औषधांची नावं तिला पाठ, रिपोर्टातले आकडे तिला पाठ. माझ्याकडं पार्किंगचं खातं होतं. आजार दुसऱ्यांदा उलटला तेव्हा इथले डॉक्टर म्हणाले, आमच्याजवळचे उपाय आता संपले. पण परदेशात एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे. पोरीच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढतात, त्यांना आजार ओळखायला शिकवतात आणि परत तिच्या अंगात सोडतात. चाचणीत पोरीचा नंबर लागला. सोबत फक्त एक माणूस. ते कोण, हे आमच्या घरात विचारावंही लागलं नाही.

निघायला पाच दिवस राहिले आणि बायकोच्या कमरेवर नागीण उठली. तिकडून डॉक्टरांचा निरोप आला, या बाईंनी पोरीच्या जवळपाससुद्धा फिरकायचं नाही. मग राखीव खेळाडू मैदानात उतरवला.

ते पाच दिवस बायको आतल्या खोलीत कोंडलेली. दाराआडून ती सूचना सांगायची आणि मी बाहेर खुर्ची टाकून वहीत उतरवायचो. गंगापूरकडच्या शाळेत ती इंग्रजी शिकवते, त्यामुळं डिक्टेशनची सवय दांडगी.

"सातवं कलम लिहा. चटणीचा डबा बॅगेत टाकलाय. तो तुमच्यासाठी आहे. चटणीशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणून. पोरीच्या खोलीत न्यायचा नाही. लिहिलं का?"

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. खाली रेघही मारली. छावणी भागातल्या आमच्या घरासमोर टॅक्सी उभी राहिली तेव्हा ती गच्चीवरून हात हलवत होती आणि पोर मान वर करून काचेतून बघत होती. दोघींपैकी कुणीच रडलं नाही. मी ड्रायव्हरला उगाच डिकी नीट लागली का, म्हणून विचारत बसलो.

तिथं गेल्यावर नियम म्हणजे काय ते कळलं. आजीनं विहारातून भंतेजींकडून आणलेला, पोरीच्या मनगटावरचा पांढरा दोरा नर्सनं हलक्या हातानं कापला, पिशवीत घातला आणि माझ्याकडं दिला. बाहेरचा दोराही नको. पोरीच्या अंगातल्या जुन्या पेशी औषधानं जवळजवळ संपवल्या होत्या. साधी बुरशीही तिला पेलली नसती. मी रस्त्यापलीकडच्या एका खोलीत राहायचो, दिवसभर तिच्याजवळ असायचो आणि मजल्याच्या टोकाला सोबतच्या लोकांसाठी जे छोटं स्वयंपाकघर होतं तिथं जेवायचो. डब्यातल्या चटणीची पुडी बांधून शर्टाच्या खिशात. डबा पोरीच्या खोलीत गेला नव्हता, म्हणजे सातवं कलम अजून शाबूत होतं.

पेशी काढून शिकवायला चार आठवडे गेले. त्या आत सोडल्यावर रोज सकाळी एक परीक्षा असायची. या उपचारात कधी कधी मेंदूला सूज येते आणि ती आधी अक्षरात दिसते. म्हणून पोरीनं रोज कागदावर एक वाक्य लिहायचं. तिनं ठरवलं, मराठीतच लिहिणार. नर्स अक्षर बघायची, सरळ आहे का, थरथरतंय का, आणि अर्थ मला विचारायची. मग त्या कागदाचा फोटो मी घरी पाठवायचो. कागद, फोटो, पाठवला. कारखान्यात रोजचा रिपोर्ट पाठवतो तसा.

पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, "पप्पा बसल्या बसल्या घोरतात."

नर्सनं विचारलं, काय लिहिलंय?

मी सांगितलं, वडील माझी काळजी घेतात.

पोर पांघरुणात तोंड खुपसून हसली. तिला इंग्रजी आईमुळं बरं येतं. माझ्यापेक्षा बरंच, हे नंतर कळलं.

चौथ्या दिवसापासून तिचं जेवण थांबलं. तोंडाची चवच गेली होती. पुढं ठेवलं ते ती चमच्यानं फक्त इकडून तिकडं सरकवायची.

"पप्पा, हे पुठ्ठा शिजवून देतात का?"

"भात आहे बाळा. मऊ आहे बघ."

"मग मऊ पुठ्ठा."

पाचव्या दिवशी डॉक्टर बाई आल्या. उंच, शांत, कधी घाई नसलेल्या. म्हणाल्या, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. पोरीनं ते ऐकलं आणि माझं मनगट धरलं. पहिल्या खेपेला नळी घालताना तिला चौघांनी धरून ठेवलं होतं. त्या चौघांत एक मी होतो.

"पप्पा, नळी नको."

दुपारी भाताची वाटी आली. नर्स बाहेर गेली. मी खिशातली पुडी काढली आणि दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढी शेंगदाण्याची चटणी भातावर टाकली. तेव्हा मी काय विचार केला, असं मला नंतर पुष्कळदा विचारलं गेलं, विचारणारा बहुतेक वेळा मीच होतो. काहीही विचार केला नाही. पोर वाटी चाटूनपुसून जेवली. ओठाला लागलेलं तिखट तिनं जिभेनं टिपलं आणि डोळे मिटले. नर्सनं रिकामी वाटी बघून माझं कौतुक केलं, आणि मी ते घेतलं. नुसतं घेतलं नाही, मान डोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अंगात ताप होता. तिकडच्या मापानं एकोणचाळीसच्या वर, म्हणजे आपला एकशेदोन.

डॉक्टर बाई म्हणाल्या, घाबरू नका, या तापाची आम्ही वाटच बघत होतो. नव्या पेशी कामाला लागल्या की असा ताप येतो. तो वाढू नये म्हणून चार वाजता एक औषध सुरू करू, ते त्यांचा जोर दाबून ठेवतं. मी विचारलं, दाबून म्हणजे? त्या म्हणाल्या, शरीराची लढायची ताकदच थोडा वेळ कमी करायची. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "जंतूंचा ताप असेल तर मात्र हे औषध उलटं पडेल. बाहेरचं काही खाण्यात आलं का? कशाला हात लागला का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याच वेळी नर्सनं पोरीपुढं कागद धरला. तापातही तिनं सावकाश, सरळ अक्षरात लिहिलं, "काल भातावर आईची चटणी होती. नळी टळली."

काय लिहिलंय? नर्सनं विचारलं.

मी म्हणालो, तिला इथला भात आवडला.

या वेळी पोर हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपल्या बापाला काहीतरी झालंय, असं लेकरं बघतात तसं. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मी कागद उचलला, रोजची कामं केली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसलो.

समोर घड्याळ होतं. अकरा. बारा. मनात दोन्ही बाजूंनी वकील उभे. सांगितलं तर नियम मोडला म्हणून पोरीला चाचणीतून काढतील. मग जायचं कुठं? उपाय तर संपलेले. नाही सांगितलं आणि ताप जंतूंचा निघाला, तर तिची उरलीसुरली ताकद मीच काढून घेतली. बरं, एवढ्याशा चटणीनं काय होतंय? हा तिसरा वकील, तो सगळ्यात गोड बोलत होता. तीन वाजता ताप चाळीसला टेकला. नर्स औषधाची पिशवी घेऊन आली आणि खांबाला अडकवून गेली. जोडायची बाकी होती.

मी बाहेर पडलो. आतलं दार मागं बंद झालं आणि दोन दारांमधल्या त्या चिंचोळ्या जागेत मी अडकलो. पुढचं दार उघडेना, म्हणजे मीच उघडेना.

आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. ज्याच्या हातून खोट झाली त्यानंच लाल टॅग त्या पत्र्याला बांधायचा, वर स्वतःचं नाव लिहायचं आणि लाइन थांबवायची. खोट झाली म्हणून आम्ही कुणाला घरी पाठवत नाही. लपवली म्हणून पाठवतो. नवीन पोरं भरती झाली की हे भाषण मीच देतो, दरवर्षी, छाती काढून. समोरच्या काचेत मास्क लावलेला एक पोट सुटलेला माणूस दिसत होता आणि त्याला ते भाषण पाठ होतं.

दार ढकललं. डॉक्टर बाई टेबलापाशी उभ्या होत्या. माझं इंग्रजी त्या दिवशी पार कोसळलं. मी खिशातून पुडी काढली, टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणालो, "ही मी दिली. काल. कागदावर तिनं तेच लिहिलंय. मी खोटं सांगितलं."

त्यांनी पुडीला हात लावला नाही. "यात काय आहे?"

"शेंगदाणे. लसूण. लाल मिरची. जिरं. मीठ."

"शिजवलेलं?"

"शेंगदाणे भाजलेले. बाकी सगळं कच्चं कुटलंय."

"किती दिवसांचं?"

"पाच आठवडे."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. चारला वीस मिनिटं होती. नर्सला काहीतरी म्हणाल्या आणि ती पिशवी काढायला पळाली. पुडी एका प्लॅस्टिकच्या पाकिटात गेली, त्यावर चिठ्ठी लागली. लाल नव्हती, पण माझं नाव होतं.

मी विचारलं, "तिला चाचणीतून काढणार का?"

त्या पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "पेशी तिच्या अंगात गेल्या आहेत. आता तिला कोण काढणार? तुम्ही चारच्या आत आलात. आता आत जा आणि तिच्याजवळ बसा."

बुरशीवरचं औषध आधी सुरू झालं, रक्त तपासायला गेलं, आणि दाबायचं औषध दुसऱ्या दुपारपर्यंत थांबवलं. तो मधला काळ कसा गेला ते मला सलग आठवत नाही. पोरीचा हात आठवतो, भाजणारा. सकाळी तिनं कागदावर काहीतरी ओढलं. रेघा होत्या, एकात एक गुंतलेल्या.

नर्सनं विचारलं, काय आहे?

"हे मराठी नाही," मी म्हणालो. या वेळी खरं सांगितलं. तो फोटो मी घरी पाठवला नाही. नेट चालत नाही असं फोन करून सांगितलं.

दुपारी रिपोर्ट आला. रक्तात जंतू नव्हते. ताप पेशींचाच होता. मग दाबायचं औषध चढवलं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्या सकाळी तिनं लिहिलं, "पप्पा दाढी करा." अक्षर जरा वाकडं होतं, पण माझी चूक नेमकी पकडणारं. मी शब्दाला शब्द भाषांतर करून सांगितलं आणि दाढी करायला गेलो.

जाताना डॉक्टर बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, पुडी तपासली, तिच्यात बुरशी होती. नशीब, तिच्यावरचं औषध वेळेत गेलं. मी खोलीवर जाऊन डब्यातली उरलेली चटणी आधी कचऱ्यात टाकली, मग दाढी केली.

आम्ही परत येऊन आता सहा महिने झाले. तपासण्या चालू आहेत. अजून तरी रिपोर्ट स्वच्छ आहेत. पोर शाळेत जाते आणि माझ्या घोरण्याची नक्कल पाहुण्यांना करून दाखवते. चटणीचं मात्र मी बायकोला सांगितलं नव्हतं. दर रविवारी ठरवायचो आणि दर रविवारी काहीतरी आणायला बाहेर जायचो. परवा ती लसूण सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि वहीतल्या सातव्या कलमापासून सगळं सांगून टाकलं.

तिनं मान वर केली नाही. "मला माहीत आहे."

"पोरीनं सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलं. कागदाचा फोटो नाही का पाठवला, रोजच्यासारखा? 'भातावर आईची चटणी होती.' मला वाचता येतं."

अकरा वाजता पुरावा मीच रवाना केला होता आणि चार वाजेपर्यंत लपवत बसलो होतो.

"वर्गावर होते, संध्याकाळी उशिरा घरी आल्यावर बघितला, तिकडं तेव्हा चार वाजत आले असतील," ती म्हणाली. "तडक तिकडं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर बाई म्हणाल्या, तुमचे मिस्टर आत्ताच येऊन सांगून गेलेत. मग फोन ठेवला अन् रडले जरा."

"मग सहा महिने बोलली का नाहीस?"

"तिथं आपणहून सांगितलंत. इथं कधी सांगताय ते बघत होते."

मला वाटलं, आता सगळंच सांगून मोकळं व्हावं. म्हणून पुडीत बुरशी निघाल्याचंही सांगितलं. तेव्हा मात्र तिनं सुरी खाली ठेवली.

"माझ्या चटणीला? काही बोलू नका. तुमच्या खिशात लागली असंल."