डॉक्टरांनी नाव सांगितलं नाही

मालतीवहिनींनी दार वाजवलं तेव्हा मी पोहे भिजवत होते. "डॉक्टर गेले," एवढंच म्हणून त्या चौकटीला टेकल्या... त्यांचे यजमान डॉ. भास्कर गुरव, आमच्या तळमजल्यावर राहणारे सरकारी पशुवैद्य, सकाळचा चहा घेता घेता गेले. त्याला आता दीड महिना झाला. लोक त्यांच्याबद्दल खूप चांगलं बोलले. मी गप्प होते. मला जे ठाऊक आहे ते बोलायचं, तर स्वतःपासून सुरुवात करावी लागते.

सहा-सात वर्षांपूर्वी ऐरोलीत अर्ध्या इमारती रिकाम्या होत्या आणि पलीकडे खाडीपर्यंत नुसती खारफुटी. दिवेलागणीला तिथून कोल्हेकुई ऐकू यायची. मोकाट कुत्री फार झाली होती. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीला कुत्रं चावलं, तिची इंजेक्शनं चालू असतानाच सोसायटीची मीटिंग झाली. आमचे हे सेक्रेटरी. त्या शनिवारी ह्यांनी खाटकाकडून मटणाची छाट आणली आणि भातात शिजवायला सांगितली. कशासाठी, ते मी विचारलं नाही. पातेलं निवल्यावर ह्यांनी गावी आंब्यावर फवारायला घेतलेलं औषध त्यात ओतलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. संध्याकाळी ते कचराकुंडीपाशी ठेवलं गेलं.

रविवारी सकाळी चार कुत्री मेलेली, दोन कावळे आणि एक घारसुद्धा. खारफुटीच्या कडेला कोल्हा पडलाय, असं खाडीवरून येणारे सांगत होते. दिवा गावातली जनाबाई कोळीण आपल्या कुत्रीला पोत्यात घालून डॉक्टरांच्या दारात आली. कुत्री थरथरत होती, लाळेची धार लागली होती. "डागतर, माजी पोर हाय ती," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

डॉक्टर एकेक दार वाजवत वर आले. "वहिनी, विष कुठलं ते कळलं तर बरं होईल. उंदराचं असेल तर माझ्याकडे उतारा नाही. फवारणीचं असेल तर आहे, पण इंजेक्शनं मोजकी आहेत, अंदाजाने घालवता येत नाहीत."

हे माझ्या मागेच होते. "आम्हाला काय माहीत?" म्हणाले. मी फरशीकडे बघत राहिले. दार लागलं.

थोड्या वेळाने कचरा टाकायच्या निमित्ताने मी खाली गेले आणि बादलीतली रिकामी बाटली डॉक्टरांच्या खिडकीत ठेवली. त्यांनी लेबल वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सिरिंज भरायला घेतली. दुपारपर्यंत लाळ थांबली. संध्याकाळी जनाबाई कुत्रीला खांद्यावर टाकून घरी गेली.

डॉक्टरांनी खात्याला विषबाधेचा लेखी अहवाल दिला. मग पुन्हा मीटिंग. विष कुठलं ते कुणी सांगितलं, असं त्यांना तीनतीनदा विचारलं गेलं. ते म्हणाले, "कुत्र्यांच्या डोळ्यांनी सांगितलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या." त्यांनी सोसायटीशी वैर धरलं, असं ठरलं. पुढे हळदीकुंकवाला मालतीवहिनींना बोलवायचं नाही, असंही ठरलं... आणि मीही बोलावलं नाही.

एकदा जिन्यात मी त्यांना थांबवलं. सगळं सांगून टाकते म्हटलं. ते हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला त्याच घरात राहायचंय." त्यांना वाटलं, त्यांनी मला सोडवलं. त्यानंतरची सहा वर्षं मी रोज त्यांच्या दारावरून गेले, आणि रोज पावलं भराभर उचलली.

हे वाचतील. वाचू देत.

परवा वहिनींकडे गेले होते. मागच्या दारी त्या भाकरी घेऊन बसल्या होत्या, समोर तीन कुत्री. त्या रविवारनंतर डॉक्टरांची रीत अशी, की भाकरीचा पहिला तुकडा चारचौघांदेखत स्वतः खायचा, मग कुत्र्यांना घालायची. ती रीत वहिनींनी चालू ठेवली आहे. त्यांनी अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. मी तुकडा मोडून तोंडात टाकला. कुत्री माझ्याकडे बघत बसून राहिली.