स्वतःच्या नावापुढचा आकडा
जुन्या फायलीत जांभळ्या शाईचा गुणांचा कागद सापडला आणि लंडनचं ते कॉलेज आठवलं. कम्युनिकेशनच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी बसस्टॉपवरच्या लोकांच्या मुलाखती टेप केल्या होत्या. शेवटी प्रत्येकाने चौघांनाही, म्हणजे स्वतःलाही, गुपचूप दहापैकी गुण द्यायचे होते. बाकीचे तिघे हाताने कागद झाकून कुजबुजत होते. मलाच पाडायचा बेत दिसतो, असं वाटून मी तिघांना सहा-सहा दिले. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नापास होऊन चालणार नव्हतं. तरी आपलंच कौतुक कसं करायचं, म्हणून स्वतःला चार. सरांनी बोलावलं. “तिघांनी तुला नऊ दिलेत, तू चार. तू काम केलंस की नाही?” “केलं, सर.” “मग खरा आकडा लिही.” बराच विचार करून मी पाच लिहिले. ती खाडाखोड अजून दिसते. तिघांपुढचे सहा मात्र तसेच आहेत.